रांगेतील जागा

रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईस माणसे द्यावीत आणि मुंबईने त्या माणसांच्या हस्ते जिल्ह्यास मनिऑर्डरी धाडाव्यात, हा व्यवहार गिरण्यांच्या भरभराटीपासून त्यांच्या अस्तापर्यंत इतका अव्याहत चालला की, वेतन कोणत्या तारखेस हाती पडते, त्यातून खोलीचे भाडे आणि खानावळीचे देणे वजा जाता गावी किती पाठविता येते, आणि ते एखाद्या महिन्यात चुकले तर कोणाच्या घरची चूल अडते, या गोष्टी येथील कुटुंबांना कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. आज त्याच घरांतील मुलगे आणि मुली अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन पुण्यास आणि बंगळुरास जातात, आणि त्यांच्या हाती पडणाऱ्या नेमणुकीच्या पत्रात आजोबांच्या पगारपत्रकावर कधी नसलेली एक ओळ असते. मासिक वेतन अमुक, भविष्यनिर्वाह निधी तमुक, आणि त्याखाली कंपनीचे इतके ‘ईसॉप्स’, अंदाजे मूल्य वीस लाख रुपये. पहिल्या दोन ओळी वाचण्याचे शिक्षण घरात परंपरेने आहे; तिसरी ओळ मात्र एकतर हर्षाने बेरजेत धरली जाते, किंवा काहीतरी कागदी प्रकरण म्हणून बाजूस सारली जाते, आणि माझ्या मते या दोन्ही रीती सारख्याच अविचाराच्या आहेत.

त्या ओळीचे मोल ठरविताना बहुतेक तरुण विचारतात की कंपनी किती मोठी होईल. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर संस्थापकासही ठाऊक नसते, मग चौथ्या मजल्यावरील नव्या अभियंत्यास ते कोठून ठाऊक असणार? ज्याचे उत्तर कागदावर लिहिलेले असते आणि म्हणून मिळू शकते, असा प्रश्न निराळाच आहे : पैसे वाटण्याची वेळ येईल तेव्हा आपण रांगेत कितवे असू? प्रस्तुत लेखाचा सारा रोख या प्रश्नावर आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ईसॉप हा समभाग नसतो. ठराविक मुदतीनंतर, ठराविक दराने, समभाग विकत घेण्याची ती मुभा असते. २०१३ चा कंपनी कायदा आणि त्याखाली २०१४ साली झालेले भागभांडवलविषयक नियम यांनी या मुभेच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. मुभा दिल्यापासून ती पक्की होईपर्यंत निदान एक वर्ष लोटले पाहिजे; ती दुसऱ्यास विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बँकेपुढे तारण म्हणून ठेवता येत नाही; आणि पैसे भरून समभाग नावावर चढेपर्यंत तिच्या धारकास ना लाभांश मिळतो ना मत देता येते. व्यवहारात बहुतेक कंपन्या चार वर्षांची मुदत ठेवतात. पहिले वर्ष पुरे झाल्यावर चतुर्थांश मुभा पक्की होते, ज्यास त्या वर्तुळात ‘क्लिफ’ म्हणतात, आणि पुढे दरमहा किंवा दर तिमाहीस थोडी थोडी ‘व्हेस्ट’ होत जाते. अकराव्या महिन्यात राजीनामा दिला, अथवा द्यावयास लावला, तर हाती काही उरत नाही. इतकी काटेकोर नियमावली एका ठिकाणी मात्र माणुसकी राखते, आणि ती तरतूद घरच्या माणसांना बहुधा माहीत नसल्यामुळे येथे मुद्दाम नमूद करतो. नोकरीत असताना कर्मचाऱ्याचे निधन झाले, तर त्यास दिलेल्या सर्व मुभा, मुदत पुरी झालेली असो वा नसो, त्याच दिवशी पक्क्या होऊन वारसांकडे जातात.

भागांनी श्रीमंत झालेल्या माणसांच्या कथा महाराष्ट्रास अपरिचित नाहीत. १९४५ च्या डिसेंबरात खानदेशातील अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, पुढे तीच विप्रो झाली, आणि तिचे भाग पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणाऱ्या अमळनेरकरांची घरे बोनस भागांच्या गुणाकाराने संपन्न झाली. १९८१ साली पुण्यात सात जणांनी मिळून स्थापन केलेल्या इन्फोसिसची कथा तर नेमणुकीच्या मुलाखतीत हमखास सांगितली जाते. तिच्या योजनेने कारकून आणि कनिष्ठ अभियंतेसुद्धा कसे लक्षाधीश झाले, हे ऐकून समोरच्या तरुणाचे डोळे चमकतात. या कथा खऱ्या आहेत. सांगणारा त्यांतील एक तपशील तेवढा गाळतो. अमळनेरच्या माणसाजवळ समभागाचे प्रमाणपत्र होते, त्याचे नाव कंपनीच्या नोंदवहीत होते, त्यास लाभांश येत असे आणि गरज पडेल त्या दिवशी दलालामार्फत ते विकता येत असे. इन्फोसिसने ९५ रुपये दराने भाग जनतेस देऊ केले ते १९९३ साली, आणि कर्मचाऱ्यांसाठी भागांची योजना आणली ती त्यानंतर, १९९४ साली. म्हणजे योजना सुरू झाली तेव्हा त्या भागास मुंबईच्या बाजारात रोजचा भाव होता. पुण्याच्या एखाद्या इमारतीत भाड्याने दोन मजले घेतलेल्या, कोणत्याही बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या मुभेस ही कथा लावणे म्हणजे एका प्रकारच्या कागदाची पुण्याई दुसऱ्या प्रकारच्या कागदाच्या खात्यावर जमा करणे होय.

आता रांगेकडे वळतो. आमच्या मिरकरवाडा बंदरात नौका परतली की धक्क्यावर मासळीचा लिलाव होतो, आणि आलेल्या रकमेतून प्रथम डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, मग नौकेचा आणि जाळ्याचा वाटा मालकाकडे जातो, आणि त्यानंतर जे उरते ते तांडेल आणि खलाशी यांच्यात वाटले जाते. वाट्यांचे प्रमाण बंदरागणिक आणि मालकागणिक बदलते, आणि अलीकडे पुष्कळ मालक वाट्याऐवजी ठराविक पगारच देतात. क्रम मात्र बदलत नाही. म्हणून लिलावात मोठा आकडा पुकारला गेला तरी जुना खलाशी तेवढ्याने हुरळत नाही, कारण आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी त्या आकड्यास कोणकोणत्या हातांतून जावयाचे आहे हे त्यास ठाऊक असते. स्टार्टअप कंपनीच्या विक्रीतही असाच क्रम असतो, परंतु तो धक्क्यावर कोणास दिसत नाही, गुंतवणूकदारांशी झालेल्या करारनाम्यात असतो. गुंतवणूकदार सहसा साधे समभाग घेत नाहीत, अग्रहक्काचे भाग घेतात, आणि त्या करारात ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ नावाचे कलम असते, ज्याचा अर्थ इतकाच की, कंपनी विकली गेल्यास आमचे मुद्दल आम्ही आधी उचलू.

या कलमाचे सामर्थ्य एका कल्पित हिशेबाने ध्यानात येईल. समजा, कंपनीचे सर्व मिळून एक कोटी भाग आहेत आणि शेवटच्या गुंतवणूकदाराने भागास ४०० रुपये दिले. वृत्तपत्रे कंपनीचे मूल्य ४०० कोटी लिहून मोकळी होतात. नव्या अभियंत्यास ५,००० ईसॉप्स मिळाले, समभाग घेण्याचा दर १०० रुपये. पत्रात वीस लाख छापले आहे. पण पाच लाख त्याने स्वतः भरावयाचे असल्यामुळे पहिल्याच वजाबाकीत पंधरा लाख उरतात. आता असेही धरा की, गुंतवणूकदारांनी आजवर १५० कोटी घातले आहेत, त्यांच्याकडे ४५ टक्के भाग आहेत, आणि मुद्दल आधी घ्यावे की टक्क्यांप्रमाणे वाटा घ्यावा, ही निवड त्यांनी आपल्याकडे राखली आहे. दोन वर्षांनी कंपनी १६० कोटींस विकली गेली. टक्क्यांप्रमाणे त्यांच्या वाट्यास ७२ कोटी येतात, मुद्दल १५० कोटी आहे. अर्थात ते मुद्दल उचलतात. उरलेले दहा कोटी ५५ लाख समभागांवर पसरले की भागास अठरा रुपये पडतात, आणि अठरा रुपयांच्या भागासाठी शंभर रुपये कोणी मोजत नसल्यामुळे त्या ५,००० मुभांची किंमत शून्य होते. दुसऱ्या दिवशीच्या पत्रात मात्र ‘१६० कोटींना विक्री’ असा मथळा येतो, आणि गावाकडे वडिलांना चार माणसे अभिनंदनाचे फोन करतात. तीच कंपनी २५० कोटींस गेली असती तर समभागास सुमारे १८२ रुपये पडून आपल्या अभियंत्यास करापूर्वी चार लाखांच्या आसपास मिळाले असते. आणि पत्रात गर्भित असलेले पंधरा लाख खरे होण्यास कंपनी पुरेपूर ४०० कोटींनाच जावी लागली असती. शिवाय मध्यंतरी नव्या फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीत जुन्यांचा हिस्सा घटतो. एक-पंचमांशाची घट तीन वेळा झाली की शंभराचे एक्कावन्न उरतात. ही घट भाव वाढत असेल तर सोसते. खरे भय दुसरेच आहे. प्रत्येक नवी फेरी आपले नवे मुद्दल घेऊन रांगेत कर्मचाऱ्याच्या पुढे उभी राहते.

येथे एक गोष्ट माझ्या मनास सर्वांत अधिक लागते, आणि तिची चर्चा मी क्वचितच वाचली आहे. कर्मचारी हा एकाच वेळी दोन रांगांत उभा असतो. वेतन घेणारा म्हणून त्यास कायद्याने पुढची जागा दिली आहे, आणि ती सहजासहजी मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या त्याच काळात, १९८५ च्या दुरुस्तीने, बुडालेल्या कंपनीतील कामगारांचे थकलेले वेतन तारणधारक सावकारांच्या बरोबरीने देय ठरले. त्यापूर्वी ते त्यांच्या मागे होते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ही परंपरा पुढे चालविली आहे. कंपनी अवसायनात निघाली तर, त्या प्रक्रियेचा खर्च भागल्यावर, कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे देणे तारणधारकांच्या जोडीने चुकते होते, त्याखालोखाल इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांपर्यंतचे वेतन येते, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी येणी, मग उरलेली देणी, मग अग्रहक्काचे भागधारक, आणि सर्वांच्या शेवटी समभागधारक. आता ज्या अभियंत्याने महिना वीस हजार कमी वेतन पत्करून त्याच्या बदल्यात ईसॉप्स घेतले, त्याने केले काय? त्याने आपली मजुरी रांगेच्या पुढच्या भागातून काढून अगदी शेपटाशी नेऊन ठेवली. त्याबद्दल त्यास मोठा मोबदला मिळण्याची शक्यता आहे, हे मान्य. परंतु हा सौदा आहे, बक्षीस नव्हे, आणि ज्याच्या घरी गिरणीच्या थकलेल्या देण्यासाठी आजोबांनी वर्षानुवर्षे खेटे घातल्याची आठवण जिवंत आहे, त्याने तरी तो सौदा उघड्या डोळ्यांनी करावा.

रत्नागिरीकरांस याचे एक उदाहरण दाराशीच घडले होते. गुहागर तालुक्यात उभ्या राहिलेल्या ‘दाभोळ’ वीजप्रकल्पावरून एन्रॉनचे नाव या जिल्ह्यात शेंबड्या पोरास ठाऊक झाले. वीजदर, भूसंपादन, १९९५ साली रद्द होऊन पुन्हा झालेला करार, १९९९ च्या मे महिन्यात सुरू झालेला पहिला टप्पा आणि दोन वर्षांत थंडावलेली यंत्रे, यांवर आपण रणे माजविली. त्या सर्व गदारोळात, ह्यूस्टन येथे त्याच कंपनीत साधी नोकरी करणाऱ्या माणसांचे काय झाले, इकडे आपले लक्ष गेले नाही, आणि ते अगदी स्वाभाविक होते. त्या माणसांच्या निवृत्तिनिधीचा निम्म्याहून अधिक भाग एन्रॉनच्याच समभागांत गुंतला होता. कंपनी आपल्या वाट्याची वर्गणी रोख न देता समभागांच्या रूपाने देई, आणि ते समभाग वयाची पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत विकण्यास बंदी होती. २००० च्या ऑगस्टमध्ये नव्वद डॉलरच्या घरात असलेला भाव २००१ च्या डिसेंबरात, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा, एका डॉलरच्याही खाली होता. ज्या आठवड्यांत भाव कोसळत होता, त्यांतील काही दिवस निधीचे व्यवस्थापक बदलण्याच्या निमित्ताने कर्मचाऱ्यांची खाती गोठवलेली होती. आणि ज्या दिवशी बचत गेली त्याच सुमारास नोकरीही गेली, कारण दोन्ही एकाच खुंटीस बांधलेली होती. एन्रॉनचा समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात रोज विकला जाणारा होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे बाजारच नसलेल्या समभागाची स्थिती वेगळी सांगावी लागत नाही.

दूर अमेरिकेत जाण्याचेही कारण नाही. बायजूज या शिकवणी कंपनीचे मूल्य २०२२ साली बावीस अब्ज डॉलर सांगितले जात होते. २०२४ च्या जुलैत तिच्याविरुद्ध नादारीची कारवाई दाखल करून घेण्यात आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संस्थापकाने स्वतःच वार्ताहरांपुढे तिची किंमत शून्य असल्याचे सांगितले. उलट बाजूस फ्लिपकार्ट आहे. २००७ साली सुरू झालेली ही कंपनी २०१८ मध्ये वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलर देऊन सत्त्याहत्तर टक्के विकत घेतली, आणि पुढे फोनपे तिच्यापासून विभक्त झाल्यावर २०२३ साली ईसॉपधारकांस सुमारे सत्तर कोटी डॉलर रोख वाटले. ज्यांना ते मिळाले त्यांचे भाग्य खरेच. फक्त स्थापनेपासून पहिल्या मोठ्या विक्रीपर्यंत अकरा वर्षे गेली, आणि चार वर्षांची मुदत पत्रात वाचून चार वर्षांनी पैसे मिळतील असे समजणाऱ्याने हा काळ पाहावा. भाग बाजारात आले म्हणजे तरी निश्चिंती, असेही नाही : पेटीएमचा भाग २०२१ च्या नोव्हेंबरात २,१५० रुपयांस विकला गेला आणि पहिल्याच दिवशी सत्तावीस टक्के उतरला.

कराचा विषय रुक्ष आहे, पण त्यास वगळता येत नाही, कारण येथे सरकारही रांगेत येते आणि तेही अनपेक्षित ठिकाणी. मुभा वापरून समभाग नावावर केला की, त्या दिवसाचे बाजारमूल्य आणि भरलेला दर यांतील फरक वेतनातील लाभ समजून त्यावर आयकर बसतो. हे मूल्य, बाजारात नोंद नसलेल्या समभागाच्या बाबतीत, मर्चंट बँकर ठरवितो. वरच्याच उदाहरणात त्याने ३०० रुपये ठरविले, तर भागामागे २०० रुपयांप्रमाणे दहा लाखांचा लाभ झाला असे धरले जाईल, आणि तीस टक्क्यांच्या पायरीवर असलेल्यास उपकर धरून ३ लाख १२ हजार रुपये कर पडेल. त्यात समभागांचे पाच लाख मिळवा. आठ लाखांहून अधिक रोख रक्कम घरातून काढून अभियंत्याच्या हाती काय आले, तर ज्यास गिऱ्हाईक नाही असा कागद! पुढे तो समभाग मातीमोल झाला तरी भरलेला कर परत येत नाही. झालेला तोटा भांडवली समजला जातो आणि पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. २०२० च्या अर्थसंकल्पाने यावर थोडा उतारा दिला, आणि काही स्टार्टअप कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांस हा कर सुमारे पाच वर्षे, अथवा समभाग विकेपर्यंत, अथवा नोकरी सोडेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर लांबणीवर टाकण्याची सवलत मिळाली. परंतु ती ज्यांना विशेष करसवलतीचे प्रमाणपत्र आहे अशाच कंपन्यांपुरती आहे, आणि सरकारदप्तरी स्टार्टअप म्हणून नोंदलेल्या कंपन्यांपैकी फार थोड्यांजवळ ते असते. आपल्या कंपनीजवळ ते आहे काय, हे विचारण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

नोकरी सोडण्याचा प्रसंग हा या सर्व प्रकरणाचा मर्मभाग आहे. पुष्कळ योजनांत असे कलम असते की, राजीनाम्यानंतर नव्वद दिवसांत पैसे भरून समभाग घ्यावेत, नाहीतर पक्क्या झालेल्या मुभाही परत जातील. म्हणजे चार वर्षे राबून पक्का केलेला हक्क टिकविण्यासाठी, नेमकी मिळकत थांबलेली असताना किंवा नव्या शहरात घर मांडावयाचे असताना, तीन महिन्यांत आठ लाख उभे करावयाचे. ज्याच्या वडिलांचे मुंबईत दोन फ्लॅट आहेत तो ते करील. ज्याच्या घरी आंब्याचे पीक दोन मोसम गेल्यामुळे सोसायटीचे कर्ज तटले आहे तो करणार नाही, आणि त्याच्या श्रमाचा तो हक्क निमूटपणे कंपनीच्या पेटीत परत जाईल. काही कंपन्या ही मुदत पाच-दहा वर्षांपर्यंत वाढवून देतात; दोन प्रस्तावांची तुलना करताना आकड्यांपेक्षा या एका कलमाचे वजन अधिक धरावे, असे मी म्हणेन. ‘बायबॅक’चेही तसेच. कंपनी मधूनमधून कर्मचाऱ्यांकडून भाग परत विकत घेते, हे ऐकावयास बरे वाटते. पण ते घेणे बहुधा संचालक मंडळाच्या मर्जीवर असते आणि त्यावर हक्क सांगता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. इतका सावध हिशेब प्रत्येकाने केला असता तर इन्फोसिसमध्ये कोण गेले असते? साहसाशिवाय नवे काही उभे राहत नाही, आणि कोकणी माणूस नोकरीच्या सुरक्षिततेस चिकटून बसतो म्हणून मागे राहतो, हा आरोप आपण पुष्कळ वर्षे ऐकत आहोत. या आक्षेपातील पूर्वार्ध मला मान्य आहे. साहस करावे, ज्याचे वय पंचविशीच्या आत आहे, ज्याच्यावर कर्ज नाही आणि ज्याच्या कमाईकडे घर डोळे लावून बसलेले नाही, त्याने तर अवश्य करावे, कारण एका चांगल्या स्टार्टअपमध्ये तीन वर्षांत जे काम शिकावयास मिळते ते मोठ्या कंपनीच्या दहा वर्षांत मिळेलच असे नाही, आणि ते ज्ञान कोणत्याही करारनाम्याने परत घेता येत नाही. परंतु साहस करणाऱ्यास जोखमीचे मोजमाप कळू न देणे, आणि त्याने मोजमाप मागितले तर त्यालाच भित्रा ठरविणे, हे साहसाचे कौतुक नव्हे. गुंतवणूकदार दहा कोटी घालण्यापूर्वी वकील आणि हिशेबतपासनीस पाठवून कंपनीचे दप्तर उलथेपालथे करतो, आणि त्यास कोणी भित्रा म्हणत नाही. अभियंता आपल्या आयुष्यातील चार वर्षे घालीत असतो. त्याने दोन कागद मागितले तर मनुष्यबळ विभागातील बाईंना ते उद्धटपणाचे का वाटावे?

आणि येथे मला आपल्या लोकांचे नवल वाटते. बांधावरच्या वीतभर जागेसाठी दोन पिढ्या कोर्टात घालविणारा, सातबाऱ्यावरील आणेवारीतली पैसुद्धा डोळ्यांत तेल घालून तपासणारा, तलाठ्याने फेरफार नोंदविताना नावातील काना चुकविला तर तहसील कचेरीपर्यंत जाणारा रत्नागिरीकर, आपल्या मुलाच्या वीस लाखांच्या पत्रावर, योजनेची प्रत न पाहता, मोबाईलवरच सही करू देतो. कारण पुसले तर उत्तर मिळते, ‘मोठी कंपनी आहे, त्यांना काय विचारायचे!’ ज्या बाणेदारपणाबद्दल आपली ख्याती, किंवा अपख्याती, आहे तो नेमका येथेच कोठे जातो हे कळत नाही.

विचारावयाचे ते फार नाही. कंपनीचे सर्व मुभा आणि अग्रहक्काचे भाग धरून एकंदर भाग किती, हा पहिला प्रश्न, कारण ५,००० हा आकडा एक कोटीतला की दहा कोटींतला हे कळल्यावाचून त्यास अर्थ नाही, आणि आश्चर्य असे की, हा आकडा सांगण्याचेच पुष्कळ कंपन्या टाळतात. समभाग घेण्याचा दर किती. गुंतवणूकदारांनी आजवर एकूण किती पैसे घातले आणि मुद्दल आधी उचलण्याचे त्यांचे कलम एकपट आहे की अधिक. नोकरी सोडल्यावर मुदत किती. कंपनी विकली गेली तर अपक्व मुभांचे काय. एवढी उत्तरे लेखी मिळाली म्हणजे रांगेतील आपली जागा बव्हंशी कळते. जी कंपनी ‘तेवढे तुम्हांला सांगता येणार नाही’ म्हणते, तिच्या त्या ओळीपुढे शून्य लिहावे आणि केवळ वेतनाचा विचार करून होय किंवा नाही म्हणावे. मी तर याही पुढे जाऊन म्हणेन की, उत्तरे समाधानकारक मिळाली तरीसुद्धा घरखर्चाच्या हिशेबात ती ओळ शून्यच धरावी. तिचे मोल दोन बऱ्या प्रस्तावांत निवड करताना जरूर पाहावे, अपुरे वेतन पुरेसे दाखविण्याकरिता मात्र तिचा उपयोग कोणास करू देऊ नये.

कंपनीने काहीच सांगितले नाही तरी एक वाट उघडी राहते. खाजगी कंपन्यांचे ताळेबंद, वार्षिक विवरणे आणि नवे भाग कोणास कोणत्या दराने दिले याची विवरणपत्रे कंपनी निबंधकाकडे दाखल होतात, आणि ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणाही नागरिकास पाहता येतात. एका कंपनीचे हे दप्तर पाहण्याचे शुल्क शंभर रुपये आहे. गावात एखादा चार्टर्ड अकाउंटंट ओळखीचा असेल तर त्याच्याजवळ अर्धा तास बसून ते वाचून घ्यावे, आणि हे सर्व पत्रावर सही होण्यापूर्वी करावे, कारण सहीनंतर त्या पत्रातील एकही अट बदलून घेण्याचे सामर्थ्य कर्मचाऱ्याकडे राहत नाही.